सोल्नहोफेन : एका दगडावर उभं राहिलेलं गाव



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला थांबवून विचारलं, "अहो, जर्मनीवर बोलायचं तर बर्लिनवर बोला, भिंतीवर बोला. दोन हजारसुद्धा वस्ती नसलेल्या खेड्यावर तुम्ही तासभर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. सोल्नहोफेन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसणार. जर्मन उच्चार 'झोल्नहोफेन'च्या जवळ जातो, पण आपल्याकडे सोल्नहोफेन असंच लिहिलं जातं, म्हणून मीही तेच म्हणतो.

पण या गावाशी तुमची ओळख आहे, फक्त ती नावानिशी नाही. दोन वस्तू आठवा. एक, राजा रविवर्म्याची लक्ष्मीची किंवा सरस्वतीची तसबीर, जी आपल्या आजोळी भिंतीवर होती. दुसरी, जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्क्रांतीच्या धड्यातलं ते चित्र : पंख पसरलेला, मान मागे वळलेला, दात असलेला पक्षी, आर्किऑप्टेरिक्स. तसबीर ज्या जातीच्या दगडावरून छापली गेली, त्याच जातीच्या दगडात तो पक्षी सापडला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो योगायोगाचा नाही. तो संबंध काय, हे समजून घ्यायचं तर या गावाचा भूगोल आणि इतिहास दोन्ही बघावे लागतात. म्हणून आजचं व्याख्यान.

आधी जागा पाहू. जर्मनीच्या आग्नेयेला बायर्न हे राज्य आहे, ज्याला इंग्रजीमुळे आपण बव्हेरिया म्हणतो. त्यात दक्षिणेला म्युनिक, उत्तरेला न्यूर्नबर्ग. या दोन शहरांच्या दरम्यान चुनखडीचं एक पठार आहे, फ्रँकिश आल्ब नावाचं. या पठारातून आल्टम्यूल नावाची एक संथ नदी वाट काढत जाते आणि पुढे केलहाइम इथे डॅन्यूबला मिळते. आल्टम्यूलच्या काठी, खोऱ्याच्या तळाशी, आपलं हे गाव. आज ते वाइसनबुर्ग-गुन्झनहाउझेन या जिल्ह्यात येतं. कारभार गावाचाच : निवडून आलेला महापौर, निवडून आलेली ग्रामसभा. आपल्या ग्रामपंचायतीशी ताडून पाहिलं तर फार वेगळं नाही.

तिथे उभं राहिलं की एक गोष्ट लगेच खटकते. नदी छोटी आणि खोरं मोठं. एवढ्याशा पाण्याने एवढं खोरं कापलं असेल, हे पटत नाही. आणि ते खरंच तसं नाही. आजच्या आल्टम्यूलच्या आधी या भागातून कितीतरी मोठ्या नद्या वाहत होत्या. डॅन्यूबचा जुना मार्गसुद्धा या खोऱ्याच्या खालच्या भागातून जात होता. त्या नद्यांनी पठार कापलं, नंतर वाट बदलली आणि मागे हे रुंद खोरं उरलं. मोठ्या माणसाचा अंगरखा लहान मुलाने घालावा, तशी आल्टम्यूल त्यात वाहते आहे. गावाजवळ नदीकाठी उंच खडकांची एक रांग उभी आहे. लोक तिला 'बारा प्रेषित' म्हणतात. ते खडक म्हणजे प्राचीन समुद्रातल्या भिंती आहेत. त्या समुद्राकडे आपण येणारच आहोत.

आता माणसं. गावाचं नाव सोला नावाच्या एका साधूवरून आलं. हा इंग्लंडमधून आलेला ख्रिस्ती संन्यासी, आठव्या शतकातला, बोनिफेस या प्रसिद्ध धर्मप्रचारकाच्या परंपरेतला. तो इथे नदीकाठी एकटा राहिला. शार्लमेन, म्हणजे फ्रँकांचा राजा कार्ल, याने त्याला ही जमीन दिली. सोलाने ती फुल्डाच्या मठाला दिली. तो ७९४ मध्ये वारला. 'सोलाची वाडी' असा गावाच्या नावाचा अर्थ लावता येतो. त्याच्या थडग्यावर पुढे चर्च उभं राहिलं. त्यातले काही कोरीव खांब अजून जागेवर आहेत.

इथे एक शेजारची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे हा भाग किती मोक्याचा होता ते कळतं. सोलाच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, ७९३ मध्ये, नदीच्या वरच्या अंगाला ट्रॉइश्टलिंगेनजवळ कार्ल राजाने कालवा खणायला घेतला होता. का? आल्टम्यूलचं पाणी डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला जातं. तिथून थोड्याच अंतरावर दुसरी एक लहान नदी आहे, रेझात. तिचं पाणी माइन, ऱ्हाइन असं करत उत्तर समुद्राला जातं. मधली चिंचोळी जमीन कापली की अर्ध्या युरोपात नावेने फिरता येईल, असा राजाचा बेत. त्या खोदाईच्या खुणा आजही दिसतात. म्हणजे ज्याला आपण आडबाजूचं खेडं म्हणतो, ते एके काळी राजाच्या नकाशावर अगदी मध्यावर होतं.

पुढचा राजकीय इतिहास थोडक्यात. मध्ययुगात मठाची वस्ती. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट आली तेव्हा हा मुलूख आन्सबाखच्या सरदारांकडे होता. त्यांनी प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला आणि मठाची वस्ती बंद झाली. १७९१ नंतर आन्सबाखबरोबर हे गाव प्रशियाकडे गेलं आणि १८०६ मध्ये बायर्नकडे आलं. संन्यासी, मठ, सरदार, प्रशिया, बायर्न. मालक बदलत गेले. हा इतिहास आसपासच्या शंभर गावांचा असाच आहे. इथवर सोल्नहोफेनमध्ये वेगळं काही नाही.

वेगळं आहे ते पायाखाली.

आता आपण मागे जाऊ. हजार वर्षं नाही, सुमारे १५ कोटी वर्षं. तेव्हा हा भाग उष्ण कटिबंधाच्या जवळ होता आणि इथे उथळ समुद्र होता. मध्ये लहान बेटं, आणि स्पंजांच्या व प्रवाळांच्या भिंती. आत्ता ज्या 'बारा प्रेषितां'चा उल्लेख केला, ते त्याच भिंतींचे अवशेष. भिंतींच्या आड खाजणासारखी पाण्याची डबकी तयार झाली, पण मैलोन्‌मैल पसरलेली. बाहेरच्या समुद्राशी त्यांचा संबंध तुटक. वरून ऊन. पाणी आटायचं, खारट व्हायचं, आणि खारट पाणी जड म्हणून तळाशी बसायचं. त्या तळच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. म्हणजे तिथे कोणी जगत नव्हतं. आणि जगत नव्हतं म्हणून तिथे मेलेलं काही कोणी खातही नव्हतं, चिखल कोणी उकरतही नव्हतं.

त्या निवांत तळावर चुन्याचा अतिशय बारीक गाळ थर थर बसत राहिला. वादळ आलं की नवा थर. मग पुन्हा शांतता. हे हजारो वर्षं चाललं. त्या गाळाचा दगड झाला तो पाटीसारखा : सपाट, एकावर एक रचलेल्या लाद्या. खाणकामगारांनी त्यांना दोन नावं दिली आहेत. चांगल्या, घट्ट लादीला 'फ्लिंट्स' आणि दोन लाद्यांमधल्या मऊ, मातकट थराला 'फॉइलं'. वहीची पानं आणि मधे टीपकागद, असं समजा. छिन्नी लावली की पानं सुटतात.

या गाळात जे पडलं ते तसंच राहिलं. मासे, कोळंबी, चतुर, चतुरांच्या पंखांवरच्या शिरासुद्धा. एक खेकड्यासारखा प्राणी आहे, नालखेकडा. तो तळाशी पडला, काही अंतर चालला, आणि मेला. आपल्याला त्याच्या पावलांची रांग दिसते आणि रांगेच्या टोकाला तो स्वतः. त्या पाण्यात काय अवस्था होती, याचा याहून चांगला पुरावा कोणता असेल?

आता हा दगड माणसाने कसा वापरला? रोमन काळापासून फरशीसाठी. या खोऱ्यातली जुनी घरं पाहिलीत तर त्यांची छपरंही याच दगडाच्या पातळ पाट्यांची आहेत. पाट्या नुसत्या एकमेकींवर रचलेल्या. त्यांचं वजन इतकं, की छप्पर फार उतरतं करता येत नाही, नाहीतर पाट्या घसरतील. म्हणून तिथली घरं बसक्या माथ्याची, पांढुरकी दिसतात. भूगोल घराच्या आकारात कसा उतरतो, याचं हे साधं उदाहरण.

फरशी आणि छप्पर. एवढ्यावर गावाचं पोट बेताचं भरत होतं. मग १७९६ उजाडलं.

म्युनिकमध्ये आलोइस झेनेफेल्डर नावाचा तरुण नाटककार होता. नाटकं छापायला पैसे नव्हते, म्हणून स्वतःच छापायची खटपट करत होता. तांब्याचे पत्रे महाग, म्हणून सरावाला त्याने फरशीचा गुळगुळीत दगड घेतला. एक दिवस आई म्हणाली, धोबीण दारात उभी आहे, कपड्यांची यादी लिहून दे. घरात कागदाचा कपटा नव्हता. त्याने मेण, साबण आणि काजळीची आपली शाई घेऊन यादी दगडावरच खरडली. नंतर पुसण्याआधी मनात आलं, यावर आम्ल ओतून पाहू. अक्षरं उठून राहिली. ही हकिकत त्याने स्वतःच पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. आणखी दोन वर्षांनी, १७९८ पर्यंत, त्याच्या लक्षात आलं की अक्षर उठावदार करायचीही गरज नाही. चुनखडीचा दगड तेल पितो आणि पाणीही धरून ठेवतो. तेलकट शाईने लिहा, डिंक आणि सौम्य आम्ल लावा, दगड ओला करा, वर शाईचा रूळ फिरवा. ओल्या जागेवर शाई बसत नाही, लिहिलेल्या जागेवर बसते. कागद ठेवून दाबा, झाली छपाई. हीच लिथोग्राफी, आपली शिळाछाप.

झेनेफेल्डरचा सुरुवातीचा दगड केलहाइमचा होता. मघाशी आल्टम्यूल जिथे डॅन्यूबला मिळते म्हणालो, ते गाव. पण थोड्याच काळात कळलं की या कामाला सर्वांत चांगला दगड वरच्या अंगाला, सोल्नहोफेनच्या परिसरात आहे. कण अतिशय बारीक, पोत सगळीकडे सारखा. तिथून गावाचं नशीब पालटलं.

बायर्न सरकारने त्याच सुमाराला राज्याच्या प्रत्येक शेताची मोजणी सुरू केली होती. ते नकाशे छापायला हाच दगड वापरला. म्युनिकमध्ये त्या मोजणीचे २६ हजारांहून अधिक दगड आजही कपाटांत उभे करून ठेवलेले आहेत. म्हणजे कुठल्या शेतकऱ्याचा बांध कुठे, हे पुन्हा दगडावरच लिहिलं गेलं. मग लंडन, पॅरिस, पुढे अमेरिका. जगभरच्या छापखान्यांना दगड लागायचा आणि चांगला दगड म्हटलं की बोट याच खोऱ्याकडे जायचं. १८७० मध्ये खोऱ्यातून रेल्वे सुरू झाली, आणि माल बाहेर काढणं सोपं झालं.

मुंबईतही शिळाछाप १८२०च्या दशकात पोचली होती. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापलं, हे आपल्याला माहीत आहे. शिळाछापाचा आपल्याला एक मोठा फायदा झाला. खिळे पाडावे लागत नाहीत. जसं हाताने लिहाल तसं छापून येतं. त्यामुळे मोडीसारखी धावती लिपीसुद्धा सहज छापता आली. पुढे १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली, १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे यंत्रं जर्मन, कारागीर जर्मन, आणि शेवटी मालकही जर्मन झाला, फ्रिट्झ श्लायशर. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागतो. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ या कामाचा नाही, कारण तो चुनखडीचा नाही.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. छपाईला दगड कसा लागतो? जाड लागतो, कारण छापखान्यात त्यावर दाब येतो. पातळ असेल तर तडकेल. आणि निर्दोष लागतो. शीर नको, डाग नको, कण वेगळा नको. खाणीत बहुतेक थर पातळ असतात. म्हणून एक चांगला दगड मिळवायला कितीतरी डोंगर उपसावा लागतो. उपसलेला माल आधी फरशीसाठी, पाटीसाठी वेगळा काढायचा आणि उरलेला टाकून द्यायचा. गावाच्या वरच्या पठारावर आज टाकाऊ दगडांच्या टेकड्याच्या टेकड्या दिसतात, त्या या निवडीतून झाल्या.

आणि ही निवड हाताने व्हायची. सुरुंग लावला तर लादी फुटते. कामगार पहारीने थर मोकळा करणार, छिन्नीने पान सोडवणार, हातोडी वाजवून आवाज ऐकणार. खणखणीत वाजली तर लादी एकसंध, बद्द वाजली तर आत तडा. मग दोन्ही बाजू डोळ्यांखालून घालणार. काय शोधत होता तो? खोट शोधत होता. आणि छपाईच्या दगडात जीवाश्म ही खोटच. मासा निघाला की तेवढा दगड छापखान्याच्या कामातून गेला.

म्हणजे पाहा, मंडळी. एका धोबिणीच्या यादीतून छपाईची कला निघाली. त्या कलेमुळे एका खोऱ्यात माणसांनी साठ वर्षं डोंगराचं पान न्‌ पान हाताने उलटून पाहिलं. जगात इतर कुठे एवढा दगड इतक्या बारकाईने कोणी पाहिला होता? आणि असं पाहिलं म्हणूनच १८६१च्या सुमाराला सोल्नहोफेनच्या गावखाणीत एका लादीवर एक पीस दिसलं. एकच पीस, लांबी जेमतेम बोटाएवढी.

फ्रँकफुर्टचे अभ्यासक हेर्मान फोन मायर यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी शेजारच्या लांगेनआल्टहाइममध्ये पिसांसकट अख्खा सांगाडा मिळाल्याची बातमी आली. त्यांनी नाव दिलं आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका. पहिल्या शब्दाचा अर्थ प्राचीन पंख. आणि दुसरा शब्द? लिथोग्राफिका, शिळाछापाच्या दगडातला. पक्ष्याच्या नावातच छापखाना आहे. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये आला होता. दोनच वर्षांत सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्या मधला जीव हातात आला.

तो सांगाडा मिळाला कोणाला? पाप्पेनहाइम या शेजारच्या गावातले डॉक्टर कार्ल हेबरलाइन. खाणकामगार औषधाचे पैसे देऊ शकत नसत, तेव्हा जीवाश्म देत. डॉक्टरांनी तो आपल्या संग्रहासकट १८६२ मध्ये ब्रिटिश म्युझियमला ७०० पौंडांना विकला. मुलीच्या लग्नासाठी विकला, असं म्हणतात. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यावर प्रबंध लिहिला. पुढे आइखश्टेटजवळ आणखी सुंदर नमुना निघाला, तो बर्लिनला गेला. सापडलेल्या शेतकऱ्याने तो विकून गाय घेतली, अशी हकिकत आहे.

मला या व्यवहाराचा विचार करावासा वाटतो. औषधाची बाटली, एक गाय. कामगाराला तेवढ्याची गरज होती आणि त्याने ती भागवली; त्याला मूर्ख ठरवायचं कारण नाही. पण पुस्तकात फोन मायर आहेत, ओवेन आहेत, डॉक्टर आहेत. पिसाची लादी ज्याने उलटली आणि थबकला, त्याचं नाव त्या गोष्टीत येत नाही. त्याने ती लादी टाकाऊ ढिगाऱ्यावर भिरकावली असती तर? डोळा त्याचा होता. विज्ञानाने नंतर नाव दिलं.

असे सांगाडे आजवर डझनाहून थोडेच जास्त मिळालेत. १९५६ मध्ये त्याच लांगेनआल्टहाइमच्या खाणीतून एक निघाला. तो खासगी मालकीचा होता. काही वर्षं प्रदर्शनात ठेवला, मग मालकाने घरी नेला. मालक १९९१ मध्ये वारला, आणि तो दगड घरात मिळालाच नाही. आजतागायत बेपत्ता आहे. १५ कोटी वर्षं जे टिकलं ते पस्तीस वर्षांत हरवलं.

गावाकडे मात्र एक नमुना आहे. गावाचे महापौर फ्रीडरिश म्युलर जीवाश्म जमवत. त्यांच्या नावाने गावात संग्रहालय झालं. तिथला हा नमुना आधी लहान डायनोसॉर समजला गेला होता. १९८८ मध्ये पेटर वेल्नहोफर यांनी तो आर्किऑप्टेरिक्स असल्याचं दाखवलं. लंडन-बर्लिनला गेलेल्या वैभवातला एक तरी वाटा गावाच्या चौकात राहिला, याचं मला बरं वाटतं.

आणि छपाईचं काय झालं? जस्ताचे पत्रे आले. ते हलके, वाकणारे, यंत्राच्या रुळावर गुंडाळता येणारे. विसाव्या शतकात ऑफसेट आलं. तत्त्व झेनेफेल्डरचंच, तेल आणि पाणी, पण दगड गेला. गाव पुन्हा फरशीकडे वळलं, सिमेंटकडे वळलं. आज छपाईचा दगड मुख्यतः चित्रकार मागतात. जग ज्या दगडावर चालत होतं, त्याची गरज शंभर-सव्वाशे वर्षांत संपली. एका मालावर पोट असलेल्या गावाला हा धोका नेहमीच असतो. सोल्नहोफेन टिकलं, कारण तोच दगड फरशी म्हणूनही खपतो. छपाईच्या आधी तो तेच करत होता.

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. लहान गावाचा इतिहास राजांच्या यादीने लिहिला तर तो पाच मिनिटांत संपतो. मी तो तसाच संपवला. पण पायाखाली काय आहे, ते कोणी उपसलं, कोणी विकत घेतलं आणि कोणाचं नाव राहिलं, असे प्रश्न विचारले की तो मुंबईपर्यंत येऊन पोचतो.

घरी जुनी रविवर्म्याची तसबीर असेल तर आज एक करा. भिंग घेऊन देवीच्या गालाजवळ पाहा. बारीक बारीक ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका कोणा कारागिराने हाताने दगडावर दिलेला आहे. त्या दगडाला ठिपका इतका बारीक धरता आला, कारण १५ कोटी वर्षांपूर्वी एका मेलेल्या पाण्यात गाळ अगदी सावकाश बसला होता.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.